महाराजपूरचा गोळा आणि नातवाचं यंत्र



बऱ्याच दिवसांनी लिहितोय. इथे आपण वाड्यांच्या, गणपतीच्या, आजीच्या हातच्या पुरणपोळीच्या आठवणी लिहितो. आज एक भांडण लिहायचं आहे. ते माझं नातवाशी झालं आणि हरलो मी. हरल्यावर जे पटलं ते तुमच्यापुढे ठेवतो. ग्वाल्हेर, इंदूर, उज्जैन, बडोदा, जिथे जिथे "आमचे पूर्वज फौजेत होते" असं सांगणारी मराठी घरं आहेत, त्या सगळ्यांशी त्याचा संबंध आहे.

आमचं घराणं मूळचं वाईकडचं. दौलतराव शिंद्यांनी 1810 मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली तळ दिला. त्या तळाचं पुढे लश्कर शहर झालं, आणि त्याच तळाबरोबर आमचे लोकही इकडे आले. खापरपणजोबा तोफखान्याकडे होते. ते तोफ डागत होते की तोफखान्याचा हिशेब लिहीत होते, याबद्दल घरात दोन मतं आहेत. मला हिशेबाचं मत बरं वाटतं, कारण पुढच्या पिढ्या सगळ्या कारकुनीतच गेल्या. एवढं मात्र सगळे सांगत आले की 1843 च्या महाराजपूरच्या लढाईला ते गेले आणि परतले नाहीत. पणजोबा तेव्हा दीड वर्षाचे. देह काही मिळाला नाही. पौष शुद्ध पक्षात आमच्याकडे एक पान जास्त वाढतात, ते त्यांचं.

आणि देवघराखालच्या कपाटात एक लोखंडी गोळा आहे, मोसंब्याएवढा. खंडेनवमीला तो बाहेर निघतो, त्याला गंध-फूल वाहतात आणि दुसऱ्या दिवशी तो परत कपाटात जातो. लहानपणी तो एका हाताने डोक्यावर धरायच्या आमच्या पैजा लागायच्या.

वडील म्हणायचे, हा महाराजपूरचा. आत्या म्हणायची, छे, आजोबांनी बाड्यावर जुन्या सामानवाल्याकडून घेतला होता, मी बरोबर होते. काका म्हणायचे, हा 1858 चा, झाशीच्या राणीसाहेब पडल्या त्या लढाईतला. तिघंही आता नाहीत. गोळ्यावर काही कोरलेलं नाही. पंधरा वर्षांच्या अंतराने ग्वाल्हेरच्या आसपास दोन मोठ्या लढाया झाल्या, त्यामुळे नुसता गोळा बघून निकाल लागणार नाही. हे मला सत्तर वर्षं खटकलं नव्हतं. नातवामुळे खटकलं.

आधी लढाईबद्दल थोडं सांगतो, कारण शाळेत आम्हालाही हे कोणी नीट शिकवलं नाही.

फेब्रुवारी 1843 मध्ये जनकोजीराव शिंदे वारले. पोटी मूल नाही. राणी ताराबाई स्वतः लहान वयाच्या, दत्तक घेतलेले जयाजीराव तर बालकच. कारभार मामासाहेबांनी बघायचा की दादा खासगीवाल्यांनी, यावरून दरबारात फूट पडली. गव्हर्नर जनरल लॉर्ड एलेनबरो याला पंजाबातल्या शीख फौजेची धास्ती होती. पाठीमागे ग्वाल्हेरची एवढी मोठी कवायती फौज मोकळी राहू देणं त्याला परवडणारं नव्हतं. 29 डिसेंबर 1843 ला एकाच दिवशी दोन लढाया झाल्या. उत्तरेकडे महाराजपूर, तिथे सेनापती सर ह्यू गफ, आणि एलेनबरो स्वतः हजर. दक्षिणेकडे शिवपुरीच्या वाटेवर पनिहार, तिथे जनरल ग्रे.

महाराजपूरला इंग्रजांची कल्पना अशी होती की आपली फौज पुढे चौंडा गावाजवळ उभी आहे. पण आपल्या लोकांनी महाराजपुरात मोर्चे बांधले होते आणि अनपेक्षितपणे तोफा सुरू झाल्या. इंग्रजांची 106 माणसं मेली, 684 जखमी झाली, 7 बेपत्ता. एकूण 797. शत्रूच्या शौर्याचा आपण नीट अंदाज केला नव्हता, असं गफने पुढे स्वतःच लिहिलं. शेवटी आपली फौज मोडली आणि 56 तोफा त्यांच्या हाती पडल्या.

आता पुढचं बघा. त्या जिंकलेल्या तोफांचा धातू वितळवून कलकत्त्याच्या टांकसाळीत सहा टोकांचे तारे पाडले आणि दोन्ही लढायांतल्या शिपायांना पदक म्हणून वाटले. पदकाच्या मागे शिपायाचं नाव आणि पलटण कोरलेली असते. लंडनच्या लिलावांत ते तारे आजही विकले जातात. कलकत्त्यात हुगळीच्या काठी, प्रिन्सेप घाटाजवळ, त्यांच्या मेलेल्या लोकांचं स्मारक आहे. त्यालाही याच तोफांचा धातू वापरला.

आणि आपले किती गेले? तीन हजारांच्या घरात, असा इंग्रजांचाच अंदाज. त्यांचं खातं शेवटच्या आकड्यापर्यंत जुळलेलं, आणि आमची गोळाबेरीज. त्या तीन हजारांत एक माझा खापरपणजोबा. त्याचं नाव फक्त आमच्या तर्पणात आहे.

तर नातू. मुलगी-जावई बरीच वर्षं इंग्लंडमध्ये आहेत. नातू 19 वर्षांचा, तिथेच वाढला, मराठी बोलतो पण थांबून थांबून. त्याला तिकडे धातुशोधक यंत्राचा नाद लागला आहे, मेटल डिटेक्टरचा. सुट्टीत शेतकऱ्याची परवानगी काढून चिखलात फिरतात ही मंडळी. गेल्या एप्रिलमध्ये तो आला तेव्हा सामानात ते यंत्र होतं. म्हणाला, "आबा, आपल्या पूर्वजाची जागा मला बघायची आहे."

मी एकदम तयार. त्या भागातल्या एका शाखेत मी 1986 ते 1989 होतो. मुरैना जिल्हा, आसन नदीचा पट्टा, तेव्हा डाकूंच्या गोष्टी अजून ताज्या होत्या. ट्रॅक्टरच्या कर्जासाठी येणारे शेतकरी सांगायचे की नांगराला गोळे लागतात. एका दुकानात तराजूत वजन म्हणून तसला गोळा ठेवलेला मी डोळ्यांनी पाहिला आहे. तेव्हा मनात आलं होतं, एखादा मागून घ्यावा. साहेब म्हणून संकोच वाटला, घेतला नाही.

जुन्या ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, "आइए साहब, गेहूँ कट गया है, खेत खाली है." सकाळी सहाला पोचलो. उजाडताना तिथे काही दिसत नाही हो. सपाट शेतं, लांबवर बीहडाची कड, एक बाभूळ, एक बोअरचा पाइप. लढाई झाली होती असं सांगणारं काहीही नाही.

यंत्राचं काम नातवाने समजावलं. खालच्या चकतीतून चुंबकीय लहरी जमिनीत जातात. धातू असला की त्यात बारीक वीजप्रवाह खेळतो आणि त्याची उलट खूण चकतीला मिळते. लोखंडाचा आवाज घोगरा, शिशाचा स्वच्छ. बंदुकीच्या गोळीएवढी वस्तू साधारण वीतभर खोलीपर्यंत कळते, म्हणजे नांगर फिरतो तेवढ्याच थरात.

वीस मिनिटांत स्वच्छ आवाज आला. त्याने बोटभर रुंद खुरप्याने माती काढली. खाली शिशाची गोळी होती. पांढुरकी, एका बाजूने चपटी. कुठेतरी आदळलेली.

मंडळी, काय सांगू. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस मी, बॅंकेत पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या पैशाला हात न लावता काढलेली. पण ती गोळी तळहातावर आल्यावर मी नातवाला म्हटलं, "अरे, अजून काढ! तिकडे बघ, बाभळीकडे!" घशात काहीतरी दाटलं होतं आणि हावही सुटली होती. दोन्ही एकदम. गोळी मी रुमालात गुंडाळून खिशात घातली. ती देवघरात गोळ्याशेजारी ठेवायची, हे माझं ठरून गेलं होतं.

नातू उठला नाही. त्याने फोन काढला, खड्ड्याचा फोटो घेतला, अक्षांश-रेखांश टिपले, खोली मोजली, वहीत लिहिलं. मग हात पुढे केला. "आबा, गोळी द्या. वजन करायचं आहे."

मी म्हटलं, "वजन कशाला? ही घरी जाणार."

तो म्हणाला, "कुणाची आहे ती? आपल्या पूर्वजाने झाडलेली, की त्याला लागलेली?"

मला राग आला. वाटलं, इंग्लंडात वाढलेलं पोर, याला काय कळणार आमच्या घरातलं पान कोणासाठी वाढतात ते. तसं बोलूनही गेलो. तो गप्प राहिला, मग एवढंच म्हणाला, "तुमच्या कपाटातल्या गोळ्यासारखं होईल हिचं. दहा वर्षांनी कोणालाच माहीत नसेल ही कुठली."

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मी वाणिज्य शाखेचा माणूस. आमच्याकडे सस्पेन्स खातं म्हणून एक प्रकार असतो. रक्कम आली आहे, पण कुणाची, कशाची ते कळत नाही, अशी नोंद तिथे टाकून ठेवायची. रक्कम खरी असते, पण जोवर धनी सापडत नाही तोवर ती कोणाच्याच कामाची नाही. तपासणीला येणारा माणूस पहिल्यांदा तेच खातं उघडायला सांगतो. आमच्या घरातला गोळा ही शंभर वर्षं सस्पेन्समध्ये पडलेली नोंद आहे. लोखंड खरं, पूजा खरी, श्रद्धाही खरी. पण तो कोणत्या लढाईचा, कोणत्या शेतातला, कोणत्या दिशेने आलेला, हे लिहिणारा कोणी नव्हता. आणि मी, जन्मभर पोरांना "व्हाउचरशिवाय नोंद नाही" म्हणून दटावलेला माणूस, शेतात उभा राहून तेच करत होतो.

नातवाने त्या दिवशी मला अमेरिकेतली एक गोष्ट सांगितली, पुढे मी ती वाचूनही काढली. लिटल बिगहॉर्न म्हणून जागा आहे. 1876 मध्ये तिथे जनरल कस्टरची तुकडी मूळ रहिवाशांच्या हातून कापली गेली. त्याच्या बरोबरचा एकही जण बोलायला उरला नाही, म्हणून शंभर वर्षं कस्टरच्या शौर्याच्या कथा चालल्या. मूळ रहिवासी वेगळं सांगत होते, पण त्यांचं फारसं कोणी ऐकलं नाही. 1983 मध्ये गवताला आग लागून जमीन उघडी पडली. पुढच्या दोन वर्षांत पुरातत्त्वाचे लोक हीच यंत्रं चालवणारे हौशी बरोबर घेऊन ओळीने चालले. आवाज आला की काढायचं नाही, आधी झेंडी रोवायची. मग प्रत्येक वस्तूची जागा नकाशावर मांडली. काडतुसांवरच्या खुणा जुळवून एकेक बंदूक मैदानात कशी सरकत गेली तेसुद्धा काढलं. आणि मूळ रहिवाशांनी जे सांगितलं होतं, त्यातलं बरंच खरं निघालं.

मला यातली मुख्य गोष्ट अशी वाटते. महाराजपूरची लढाई जी आपण वाचतो ती गफच्या खलित्यांतून, इंग्रज अधिकाऱ्यांच्या रोजनिशांतून. आपल्या गोलंदाजाने काय पाहिलं ते कागदावर फारसं आलंच नाही. आपल्या तोफा कुठे उभ्या होत्या, कोणती ओळ शेवटपर्यंत हलली नाही, माणसं कुठल्या वाटेने मागे हटली, हे सांगणारी एकच वही उरली आहे, ती शेताची माती. शिशाची गोळी चाळीस रुपयांचीही नाही. ती जिथे पडली आहे ती जागा मोलाची. गोळी उचलली आणि जागा लिहिली नाही, की आपल्याच बाजूच्या साक्षीचं एक पान गेलं. आणि ते फाडणारे आपणच, पूर्वजांच्या प्रेमापोटी.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. पूर्वजांच्या लढाईच्या जागी आपापलं यंत्र घेऊन उकरायला जाऊ नये. मी गेलो होतो, म्हणूनच सांगतो.

कायद्याचंही सांगतो, बॅंकवाल्याची खोड. 1878 चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांवरची वस्तू सापडली तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं, न कळवणाऱ्याला शिक्षा आहे. शंभर वर्षांहून जुनी पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, हा 1972 चा कायदा. म्हणजे परदेशातल्या नातवंडांच्या बॅगेत "आठवण" म्हणून एखादी वस्तू घालून देणं हा सरळ गुन्हा आहे. संरक्षित किल्ल्यात, स्मारकात खणणं तर दूरच राहिलं. मार्च 2025 मध्ये एका सिनेमानंतर बुऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या पायथ्याच्या शेतांत लोक रात्री विजेऱ्या आणि यंत्रं घेऊन मोहरा शोधायला उतरले होते, ते तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. आपण त्यांना हसलो. पण आपली हाव सोन्याची नसून पूर्वजांची आहे, एवढ्याने खड्डा काही वेगळा होत नाही.

यावर दोन आक्षेप येतील. मीच घेतले होते.

पहिला: आपण नाही घेतलं तर भंगारवाला नेणारच. हे खरं आहे. तो शेतकऱ्याचा मुलगा मला म्हणाला, "साहब, हर जुताई में निकलते हैं, कबाड़ी किलो के भाव ले जाता है." पण भंगारवाल्याने नेलं काय आणि मी रुमालात बांधून नेलं काय, मातीच्या वहीच्या दृष्टीने फरक शून्य. फरक पडतो तो लिहिण्याने. नेण्याआधी शेतकऱ्याने फोनवर एक फोटो काढला, कुठल्या शेतात, कोणत्या कडेला, कधी, एवढं लिहिलं, तरी निम्मं काम झालं.

दुसरा: नांगर, ट्रॅक्टर, बीहडाचं सपाटीकरण, सगळं आधीच हललेलं आहे, आता जागेला काय अर्थ? याचं उत्तर नातवाने दिलं. नांगराने गोळी चार-दोन हात सरकते. एका शेतातून दुसऱ्या शेतात उडी मारत नाही. पाच-पन्नास गोळ्यांची जागा लिहिली तर ओळ दिसतेच. उलट सपाटीकरण आणि प्लॉटिंग होण्याआधी ही नोंद व्हायला हवी, म्हणून घाई आहे. पण ती घाई पुरातत्त्व विभागाने आणि विद्यापीठांनी करायची, हौशी तरुणांना रीत शिकवून बरोबर घ्यायचं. इंग्लंडमध्ये हौशी माणसांनी सापडलेल्या वस्तू कळवायच्या आणि त्यांची जागा टिपून ठेवायची अशी व्यवस्था 1997 पासून आहे. त्यांनाही ते लगेच सुचलं नाही. आधी बरंच घालवून बसले, मग शहाणे झाले.

एक धोक्याची गोष्ट राहिली. सगळे गोळे भरीव नसतात. काही पोकळ असतात, आत दारू भरलेली. शंभर वर्षांनीही त्यावर हातोडा किंवा कटर चालवू नये. तसलं काही दिसलं तर हात न लावता पोलिसांना कळवावं.

मग आम्ही काय केलं? गोळीचं वजन झालं, फोटो झाले. मी ती रुमालातून काढली आणि नातवाने ती होती तिथेच, तेवढ्याच खोलीवर ठेवून माती सारखी केली. उकरणं तिथेच थांबवलं. मग यंत्र न लावता शेताच्या कडेने फक्त चाललो. ऊन चढलं तसा शेतकऱ्याच्या मुलाने ताक आणून दिलं. गोळीची जागा, खोली आणि तारीख लिहून मी कलेक्टर कचेरीला पत्र पाठवलं आहे, त्याची प्रत घरी फाइलला आहे. उत्तर आलं तर इथे लिहीन.

घरी आल्यावर एक काम केलं. कपाटातला गोळा काढला, स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केलं, एक कागद लिहिला. "वडिलांच्या मते महाराजपूर, 1843. आत्याच्या मते बाड्यावर विकत घेतलेला. काकांच्या मते 1858. खरं काय ते माहीत नाही." खाली तारीख घातली, सही केली. नातवानेही सही केली, मराठीत, थोडी वाकडी. तो कागद आता गोळ्याच्या खालीच असतो. खंडेनवमीला गोळ्याची पूजा झाली तेव्हा कागदालाही गंध लागलं.

तुम्हा सगळ्यांना एवढीच विनंती. तुमच्याही घरात असेल काहीतरी. एखादी गोळी, तलवारीची मूठ, पितळी बटण, जुनं नाणं. महीदपूरचं म्हणून, असईचं म्हणून, खडकीचं म्हणून सांगितलेलं. ते कुठून आलं हे माहीत असलेलं माणूस घरात असेल तर आज संध्याकाळी त्यांच्यापाशी बसा आणि ते सांगतील ते लिहून घ्या, दोन मतं असतील तर दोन्ही लिहा. नवीन वस्तू शोधायला जाण्याआधी घरात आहे त्याची नोंद पुरी करा.

यंदाच्या पौषात नातू नसेल, त्याची परीक्षा आहे. त्याने फोनवर सांगितलंय, "आबा, ते जास्तीचं पान वाढाल तेव्हा व्हिडिओ कॉल करा." मी त्याला म्हटलं, करतो, पण वेळ लिहून ठेव.